एल्फची कॅप काढू का, आणि पैलवानाचा क्लास कसा बसवू?

प्रश्न थोडक्यात असा होता: पाच जणांचा ग्रुप, कोल्हापुरातच रविवारी बसतो, डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या टेबलावर बसून भूमिका वठवायच्या खेळाच्या १९८१ च्या बेसिक-एक्स्पर्ट नियमांवर कॅम्पेन (लांब चालणारी गोष्ट) चाललंय, हाफलिंग (ठेंगण्या लोकांतला गडी) आठव्या लेव्हलला, म्हंजे त्याच्या कॅपला (ज्याच्या वर लेव्हल चढत नाही ती मर्यादा) येऊन ठप्प झालाय, एल्फवाला आत्तापासनंच कुरकुरतोय की दहाला माझं पण हेच होणार, आणि पुढचं कॅम्पेन पन्हाळ्याच्या आजूबाजूला रचायचंय तर त्यात पैलवान, शिलेदार असले क्लास पायजेत. कॅप सरळ उडवू का, आणि नवीन क्लास कुठनं सुरू करू?

भावा, कॅपला हात लावायच्या आधी एक्सपीचे (ज्यावर लेव्हल चढते त्या अनुभवाच्या गुणांचे) तक्ते शेजारी शेजारी ठेवून बघ. बहुतेक डीएम (खेळ चालवणारे) हे करतच नाहीत, नुसता ‘एल्फ १०, ड्वार्फ १२, हाफलिंग ८, माणूस १४’ एवढा आकडा बघतात आणि अन्याय झाला म्हणून ओरडतात किंवा मग बॅलन्स आहे बॅलन्स आहे म्हणून कॅपला चिकटून बसतात, आणि दोघांनीही तक्ता उघडलेला नसतोय.

एल्फ घे. दुसऱ्या लेव्हलला ४,००० एक्सपी, फायटरला २,०००, मॅजिक-यूजरला २,५००. बघायला एल्फ लय महाग. पण पुढं जा. ६४,००० एक्सपीला एल्फ सहाव्या लेव्हलला येतो, त्याच एक्सपीत मॅजिक-यूजर कितव्या लेव्हलला असतो? सहाव्याच. १,२०,००० ला एल्फ सातवा, मॅजिक-यूजर पण सातवा. अडीच लाखाला दोघं आठवे, चार लाखाला दोघं नववे. मधल्या टप्प्यात मॅजिक-यूजर थोडा आधी पोचतो हे खरं, पण एल्फ त्याला परत परत गाठतोय, आणि गाठतोय ते अंगात प्लेट आर्मर घालून, हातात तलवार घेऊन, डी४ च्या जागी डी६ हिट डाइस (किती मार सोसतो ते ठरवणारा फासा, चारच्या जागी सहा बाजूंचा) टाकत, मुडदेखाऊ घूलच्या स्पर्शानं लुळा न पडता. मॅजिक-यूजर बिचारा खंजीर घेऊन मागं उभा. मग त्या एल्फनं किंमत मोजली कुठं? तर सहा लाखाला. तिथं एल्फ दहावा होऊन थांबतो, मॅजिक-यूजर अकरावा होतो आणि त्याला सहाव्या लेव्हलचा पहिला स्पेल मिळतो, जो एल्फला कधीच मिळणार नाही. म्हंजे सगळी वसुली शेवटच्या पायरीवर.

हे म्हंजे गाडी आज घ्यायची, हप्ते दहा वर्षांनी सुरू होणार, आणि आठव्या वर्षी गाडी विकून मोकळं व्हायचं. कारण सहा लाखापर्यंत पोचतं कोण? पाच जणांच्या पार्टीला हाफलिंगच्या कॅपपर्यंत, म्हंजे प्रत्येकी १,२०,००० ला न्यायचं तरी एकूण सहा लाख एक्सपी लागतात, त्यातले पाऊण तरी खजिन्यातनं येणार असं धरलं तर साडेचार लाख सोन्याची नाणी जमिनीखालनं वर काढावी लागतात. तुम्ही इथवर आलाय म्हंजे नाद खुळा, बहुतेक कॅम्पेन चौथ्या-पाचव्या लेव्हलला कुणाची तरी पुण्याला नोकरी लागली म्हणून बंद पडतात. तर जे कॅम्पेन पाचव्या लेव्हलला संपतंय तिथं कॅप असली काय नसली काय, एल्फ फुकटात दोन क्लास वापरून घरी जातोय. आणि जे तुमच्यासारखं लांब चालतंय तिथं आधी सहा लाखांपर्यंत मजा आणि मग एकदम भिंत. दोन्हीकडं कॅप चुकीच्या वेळी वसुली करतेय, माझा कॅपवर राग आहे तो एवढ्यासाठी. ती कडक आहे म्हणून नाही.

ड्वार्फचं तर त्याहून गमतीशीर. १२ व्या लेव्हलला त्याला ६,६०,००० लागतात, तेवढ्यात फायटर पण बाराव्याच लेव्हलला असतो. कॅपनं त्याच्या हातनं फक्त शेवटच्या दोन लेव्हल जातात, आणि त्या बदल्यात पहिल्या दिवसापासनं विषावर सेव्ह (वाचायला फाशावर तेवढं किंवा जास्त यावं लागतं तो आकडा) ८, फायटरला १२. विसाच्या फाशावर ६५ टक्के विरुद्ध ४५ टक्के, विंचू-साप-कोळी भरलेल्या डंजनात हा फरक म्हंजे जीव वाचणं. ड्वार्फची कॅप ठेव किंवा काढ, कुणाला कळणार पण नाही.

खरा मार खातो तो हाफलिंग. त्याचा एक्सपी तक्ता आठव्या लेव्हलपर्यंत फायटरचाच आहे, २,०००, ४,०००, असं जवळपास दुप्पट होत १,२०,०००. म्हंजे त्यानं फायटरएवढेच पैसे मोजले, हिट डाइस डी६ घेतला, मोठी तलवार नाही, लांब धनुष्य नाही, आणि तरी पण सगळ्यात आधी थांबला. त्याला मिळालं काय तर भारी सेव्ह (आठव्या लेव्हलला डेथवर ४, फायटरला तेवढं तेराव्याला मिळतंय), फेकायच्या आणि नेम धरायच्या हत्यारावर +१, आणि रानात लपायची ९० टक्के खात्री. वाईट नाही, पण एल्फशी तुलनाच नको. तुमच्या टेबलावर तक्रार एल्फवाला मोठ्यानं करतोय आणि अडचणीत हाफलिंगवाला आहे, असं बऱ्याचदा असतंय.

हे असं का केलं होतं ते पण समजून घे, नाहीतर काढताना काय काढतोय ते कळणार नाही. १९७४ च्या मूळ तीन पुस्तिकांत क्लास तीनच, फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर, क्लेरिक (पुजारी), आणि ड्वार्फ सहाव्या लेव्हलला थांबायचा, हॉबिट (हाफलिंगचं तेव्हाचं नाव) चौथ्याला. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड प्लेयर्स हँडबुकात रेस (एल्फ, ड्वार्फ असली जमात) आणि क्लासच्या जोड्या वाढल्या आणि तक्ता पण वाढला, ड्वार्फ फायटर ताकद १८ असेल तर ९, एल्फ मॅजिक-यूजर बुद्धी १८ असेल तर ११, हाफ-एल्फ क्लेरिक ५, हाफ-ऑर्क क्लेरिक तर ४. पण थीफ हाफ-ऑर्क सोडून सगळ्यांना मोकळा. खेळाच्या कर्त्यांपैकी एक गायगॅक्स, त्याचं म्हणणं साधं होतं की जग माणसांचं ठेवायचंय, राजे माणसं, मोठे जादूगार माणसं, बाकीचे कडेला. ज्याला अंधारात दिसतंय, जो हजार वर्षं जगतोय, त्याला थांबवलं नाही तर माणसांचं राज्य असायचं कारणच उरत नाही. विचार चुकीचा नव्हता. जगाचा प्रश्न त्यांनी खेळाडूच्या कॅरॅक्टर शीटवर सोडवला एवढंच. नंतर १९८५ ला अनअर्थ्ड आर्काना मध्ये आकडे वर सरकवले, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत अजून वर नेले आणि कॅपनंतर जादा एक्सपी मोजून हळूहळू चढायची ऐच्छिक सोय पण दिली, आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत कॅप गेलीच. मेंट्झरनं बेसिक नियम परत लिहून काढले त्या लाल डब्याच्या मालिकेत आकडे १२-१०-८ असेच राहिले, पण १९८४ च्या कंपॅनियनपासनं थांबलेल्या ड्वार्फ-एल्फ-हाफलिंगला पुढच्या एक्सपीवर अटॅक रँक (लेव्हल न चढता वार सुधारायच्या पायऱ्या) मिळायला लागले. ही कल्पना मला आवडते, लेव्हल थांबली तरी माणूस थांबत नाही.

आता तुमचं काय करायचं. दोन रस्ते आहेत, मी दुसरा घेईन.

पहिला रस्ता, कॅप काढ पण एल्फचा तक्ता बदल. फायटर आणि मॅजिक-यूजरचे आकडे बेरीज करून बघ: ४,५००, ९,०००, १८,०००, ३६,०००, ७२,०००, १,४४,०००, आठव्याला २,७०,०००, नवव्याला ५,४०,०००, दहाव्याला ८,१०,०००, पुढं प्रत्येक लेव्हलला २,७०,०००. आणि छापलेला एल्फ? नवव्याला चार लाख, दहाव्याला सहा. म्हंजे सुरुवातीला सूट थोडी आणि वर वर जाईल तशी सूट वाढत जाते, आणि ती सूट कॅपच्या भरवशावरच दिलेली होती. कॅप काढून सूट तशीच ठेवलीस तर मॅजिक-यूजर घ्यायचं कारण सांग मला. तुमच्या चालू एल्फला मागचे आकडे बदलून खाली ओढू नकोस, भांडणं होतात, नवव्या लेव्हलपासनं पुढं बेरजेचा तक्ता लाव आणि ते त्याला आत्ताच सांगून टाक.

काही जण म्हणतील एक्सपी कशाला बदलता, माणसांना काहीतरी जादा द्या की. बेसिक फँटसी ह्या जुन्या धाटणीच्या खेळानं हेच केलंय, कॅप नाही आणि माणसाला १० टक्के जादा एक्सपी. ऐकायला बरं वाटतंय पण हिशोब कर, आठव्या-नवव्या लेव्हलपर्यंत आकडे जवळपास दुप्पट होत जातात, तिथं १० टक्क्यांनी माणूस लेव्हलच्या सातव्या भागाएवढाच पुढं जातो. नुसतं समाधान. खरा फरक नवव्यानंतर, जिथं फायटरला लेव्हलमागं १,२०,००० सरळ लागतात, तिथं सहा लाखावर ६०,००० जादा म्हंजे अर्धी लेव्हल. त्यापेक्षा ओल्ड-स्कूल एसेन्शियल्सच्या (ह्याच बेसिक-एक्स्पर्ट नियमांची नवी मांडणी) अ‍ॅडव्हान्स्ड भागातला माणसांसाठीचा ऐच्छिक नियम मला पटतो, हिट पॉइंट दोनदा टाकून चांगला आकडा घ्यायचा, आणि भाड्यानं आणलेली माणसं माणसाशी जास्त इमानी राहतात. पहिल्या लेव्हलला, जिथं डी४ चा मॅजिक-यूजर एका बाणात मरतो, तिथं दोनदा टाकायला मिळणं त्याला लगेच जाणवतंय.

दुसरा रस्ता, सगळ्यांनाच दहाव्या लेव्हलला थांबव. माणूस, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग, सगळे. मॅजिक-यूजर तिथं ४,५०,००० ला येतो, फायटर ३,६०,००० ला, एल्फ सहा लाखाला, म्हंजे एल्फनं किंमत एक्सपीत मोजली आणि भिंत सगळ्यांची एकच. सहाव्या लेव्हलचे स्पेल खेळातनं गेलेच, कोण कुणाला डिसइंटिग्रेट (मंतर मारून जागच्या जागी भुगा) करणार नाही. आणि पन्हाळ्याच्या कॅम्पेनला हेच शोभतंय, तिथं एक माणूस बोट दाखवून गडाचा तीन दरवाजा गायब करायला लागला तर मग वेढा कशाला आणि गड कशाला.

हाफलिंगला आठवरनं दहावर न्यायचं कसं हे तेवढं बघावं लागेल. एक्सपी फायटरचेच ठेव, नववा २,४०,०००, दहावा ३,६०,०००. नवव्याला अजून एक डी६, दहाव्याला +१ हिट पॉइंट. टू-हिट (वार लागायचा फासा) आहे तिथंच ठेव, सेव्ह पण, ते आधीच भारी आहेत. त्याऐवजी डंजनात लपायची शक्यता सहात दोनची नवव्याला सहात तीन आणि दहाव्याला सहात चार कर. वाढ द्यायची तर तो ज्यासाठी हाफलिंग घेतला त्यातच द्यावी, दुय्यम फायटर करून काय उपयोग. शिवाय एक गोष्ट लोक विसरतात, हाफलिंगला पैसे असतील तर कुठल्याही लेव्हलला स्वतःची गढी बांधता येते, नववी लेव्हल गाठायची अट नाही. थांबलेल्या हाफलिंगला पुढच्या रविवारी गढीसाठी जागा बघायला पाठव.

आता क्लासकडं. माझा नियम असा की नवीन क्लास तेव्हाच लिहायचा जेव्हा जुन्या क्लासला नुसतं नाव आणि सामान बदलून भागत नाही. शिलेदाराला क्लास नको. शिलेदार म्हंजे स्वतःचं घोडं-हत्यार घेऊन आलेला, बारगीर म्हंजे सरकारी घोड्यावर बसलेला, दोघंही फायटरच. फरक पैशात कर. सुरुवातीला ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे) गुणिले १० म्हंजे सरासरी १०५ नाणी, साधं घोडं ७५ ला, लढाईचं २५०. शिलेदाराचं सगळं भांडवल घोड्यात जाणार, अंगात चामडं पण नसेल. बारगिराला लढाईचं घोडं फुकट, पण खजिन्यातला ठरलेला हिस्सा सरदाराकडं, आणि एक्सपी सोन्यावर मिळतात म्हणून एक्सपी पण फक्त स्वतःकडं राहिलेल्या हिश्श्यावरच. बघ, एक ओळ न लिहिता दोन वेगळे क्लास झाले आणि बारगीर आपोआप हळू चढायला लागला. हेर पायजे तर थीफ घे आणि बहुरूप्याचा वेश दे, भिंतीवर चढायची टक्केवारी सह्याद्रीत लय कामाला येते.

पैलवानाला मात्र क्लास लागतोय, कारण बेसिक-एक्स्पर्टमध्ये बिनहत्याराची लढाई अगदीच पातळ आहे, आणि कोल्हापुरात बसून कुस्ती पातळ करणं शोभत नाही. मी असा बसवेन. मूळ फायटर, डी८, फायटरचेच एक्सपी. आर्मर काहीच नाही, पण आर्मर क्लास (मार चुकवायचा आकडा, जितका कमी तितका चांगला) नऊवरनं सुरू होऊन दर दोन लेव्हलला एकनं सुधारतो. प्लेट घातलेला फायटर ३ वर असतो, पैलवान दहाव्या लेव्हलपर्यंत तिथं पोचतच नाही, त्यामुळं त्याला देताना हात आखडू नकोस. पकड: साधा टू-हिट, लागला तर समोरच्यानं पॅरालिसिसवर सेव्ह करायचा, चुकला तर तो खाली, आणि सुटेपर्यंत बाकीच्यांना त्याच्यावर +४. जोड बघूनच कुस्ती लागते हे इथं पण लाव, समोरच्याचे हिट डाइस पैलवानाच्या लेव्हलपेक्षा जास्त असतील तर पकड बसत नाही, मग पाचव्या लेव्हलचा पैलवान ४+१ हिट डाइसच्या ऑगरशी (थोराड राक्षसाशी) भिडू शकतो, ती कुस्ती टेबलावरचे सगळे उभं राहून बघतात. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या लेव्हलला एकेक डाव: एकेरी पट काढला तर समोरचा पडतो आणि त्याचा पुढचा वार जातो, ढाक लावली तर १डी६ लागून दहा फूट लांब फेकला जातो, धोबीपछाडला दुप्पट मार पण आपला सेव्ह चुकला तर आपण पण खाली, घिस्सा खाली धरलेल्याला चीत करायला. डाव वस्तादाकडनंच शिकायचा, म्हंजे डंजनातनं वर येऊन तालमीत आठवडाभर राहावं लागतंय आणि तिथं डीएमला गावातली गोष्ट सांगायला जागा मिळते.

आणि खुराक. आठवड्याचं साधं राशन ५ नाणी, पैलवानाला दुप्पट, आणि लांबच्या मोहिमेत टिकाऊ राशन १५ नाण्यांचं ते पण दुप्पट, वजन पण दुप्पट. खुराक चुकला तर झोपून हिट पॉइंट भरत नाहीत. हसण्यावारी नेऊ नकोस, ज्या टेबलावर मशाली आणि राशन मोजतात तिथं हा खरा तोटा आहे. दुसरा तोटा आपोआप येतो, घूलला मिठी मारली की लुळा, जिलेटिनस क्यूबला (जेलीच्या चालत्या ठोकळ्याला) पट काढायला गेला की तिथं पण लुळा, भुताला धरायला अंगच नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहायची गरज पडत नाही, मॉन्स्टरचं पान वाचलं तरी पुरतंय. हत्यारावर बंदी घालू नकोस, गदा, काठी, दांडपट्टा वापरू दे, फक्त हत्यार हातात असताना पकड नाही.

एल्फ-ड्वार्फला सह्याद्रीत काय करायचं हे तू विचारलं नाहीस पण येणारच आहे. देवराईत राहणारे, तोड करणाऱ्याला वाट चुकवणारे लोक म्हणून एल्फ बसतो. ड्वार्फ म्हंजे पोहाळ्याची, मसाई पठाराखाली पांडवदऱ्याची लेणी कातळात कोरून काढणारे ठेंगणे लोक, दगड हाताला कळतो त्यांच्या, आणि पन्हाळ्यावरच्या अंधारबावेच्या खाली अजून एक मजला त्यांनाच माहिती. पण एक पथ्य सांगतो, आणि ह्यात मी ऐकून घेणार नाही: कुठल्याही खऱ्या जातीला, खऱ्या समाजाला रेस करू नकोस. ‘अमक्यांना थीफमध्ये अमर्याद, क्लेरिकमध्ये चारला कॅप’ असलं काहीतरी ‘ऐतिहासिक वाटतंय’ म्हणून लिहिलेलं मी वाचलंय. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ ला नोकरीतल्या ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या, त्या गावात बसून जन्मावरनं लेव्हल ठरवायचा तक्ता लिहायचा म्हंजे हद्द झाली. यक्ष असू दे, लेण्यातले ठेंगू असू दे, त्यांना कॅप लावलीस तर घरी जाताना कुणाच्या पोटात दुखत नाही. माणसं सगळी एकाच तक्त्यात.

चालू कॅम्पेनमध्ये हे घालताना, हाफलिंगचे १,२०,००० च्या वर जे एक्सपी तुम्ही इतके दिवस लिहिलेच नाहीत ते मागच्या खजिन्यांच्या नोंदीवरनं काढून त्याला दे, पण नियम आहे तसाच, एका अ‍ॅडव्हेंचरला एकाच लेव्हलची उडी. नोंदी नसतील तर फायटरचे आजचे एक्सपी बघ आणि तेवढेच त्याला मांड, इतके दिवस दोघांचा तक्ता एकच होता. एल्फवाल्याला दोन्ही रस्ते कागदावर लिहून दाखव, बेरजेचा तक्ता आणि सगळ्यांना दहा, आणि मॅजिक-यूजर कुणी खेळत असेल तर निवड त्याला करू दे.